ऑक्सिजनची रेघ

अकराच्या सुमारास ताईने यंत्राच्या पेटीचं दार लावलं, आतली हवा हुसकावायला आर्गॉन वायू सोडला आणि लेझर सुरू केला. धातूच्या पावडरीचा केसाएवढा थर पसरायचा, लेझरने वितळवायचा, त्यावर पुढचा. क्षणाक्षणाला यंत्राची नजर असे. धातू जास्त तापला की लेझर मंद, पेटीत ऑक्सिजन चढला की काम बंद. साहेबापेक्षा यंत्राला जास्त अक्कल आहे, असं दादा म्हणायचा.

दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. याच पेटीत वाकून पावडर काढताना तो गुदमरून गेला. आर्गॉनला ना वास, ना रंग. दार उघडताना आत ऑक्सिजन नसेल तर वाजणारा अलार्म वाजलाच नाही, कारण काम सारखं थांबतं म्हणून साहेबांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची तार काढून ठेवली होती. चौकशीत मात्र लिहून दिलं, "तार जोडलेली होती, अलार्म वाजला, कामगाराने दुर्लक्ष केलं." मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला काय जातं! वर उपकार केल्यासारखी त्याची जागा तिला दिली. तिने ती घेतली ती एकाच हट्टाने, दादाच्या नावावरचा डाग पुसायचाच.

दोनशे चाळिसाव्या थराला लेझर थांबला.

पडद्यावर ऑक्सिजनची रेघ चढली, उतरली, पुन्हा चढली. ताईने दाराचं रबर चाचपलं, नळ्या पाहिल्या. गळती कुठेच नव्हती. मग पेटीच्या काचेवर आतून बशीएवढी वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

साहेब तणतणत आले. "परत थांबलं? आज माल जायचाय!"

"आत कुणीतरी श्वास घेतंय, साहेब."

"डोकं ठिकाणावर आहे ना? सेन्सर खोटं दाखवतोय. काढ ती तार."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादाच्या वेळीही हेच म्हणाला होतात. मी हात लावणार नाही."

"सरक!" साहेबांनी तार स्वतःच उपटली.

तार निघाली तरी रेघ थांबली नाही. आता ती साहेबांच्या श्वासाच्या तालावर भराभर चढू-उतरू लागली. काच मात्र स्वच्छ झाली होती.

साहेबांनी कॉलर ओढली. "दार... दार उघड."

खोलीचं दार सताड उघडं होतं. टेबलावरचे कागद वाऱ्याने फडफडत होते.

"उघडंच आहे," ताई म्हणाली.

साहेब भिंतीला धरून खाली बसले. मुठीतली तार त्यांनी तिच्यापुढे केली. "जोड... जोड ही..."

"ती तर जोडलेलीच होती ना, साहेब? तुम्हीच लिहून दिलंय."

रेघ शून्याला टेकली, आणि यंत्राने दोनशे एक्केचाळिसावा थर सुरू केला.