इंजिन थंड होईपर्यंत

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला निघालेली आमची लाँच भर समुद्रात बंद पडली. आधी जळका वास आला, मग इंजिनाच्या खोलीतून वाफेचा लोट. माणसं ओरडायला लागली. मी उरणच्या दवाखान्यात नर्स होते आणि त्या दिवशी डॉक्टर माझी चांगली हजेरी घेणार होते.

तेवढ्यात खालून एक काळवंडलेलं डोकं वर आलं. दात तेवढे पांढरे.

"कुणाकडे बारीक तार आहे? नाहीतर… बाई, तुमच्या केसातला तो आकडा?"

"आणि माझे केस काय समुद्राने बांधू?"

"वारा नाही आज. अर्धा तास सुटे राहिले तर काय बिघडतं?"

मेला आगाऊ होता. पण मी आकडा दिला, आणि तो काय करतो ते बघायला खाली वाकले. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी एका नळीतून आत येतं आणि नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती जाळी पार तुंबली होती. झेंडूच्या पाकळ्या, हारांचे दोरे, नारळाच्या शेंड्या… तो एकेक दोरा माझ्या आकड्याने उकरून काढत होता.

"काल सगळ्या मुंबईने सागराला हार वाहिले," तो म्हणाला. "सागराने आज ते आम्हाला दिले."

"तुमच्या लोकांची फुलं, आणि खोळंबा आमचा."

"तुमच्या म्हणजे?"

"आम्ही हार-नारळ सोडून पावणेदोन वर्षं झाली. बौद्ध झालो आम्ही."

हे मी मुद्दाम मोठ्याने सांगायची. पुढच्या माणसाचा चेहरा कसा बदलतो ते मला बघायचं असायचं. त्याने फक्त मान वर केली. "म्हणजे या खेपेला तुमच्यावर आळ नाही," म्हणाला, आणि हसला.

जाळी साफ झाली तरी तो इंजिन सुरू करेना. "अहो, बादलीभर पाणी ओता की त्याच्यावर!" लोक ओरडले. त्याने शांतपणे बिडी पेटवली. "तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर त्याच्या हेडला, वरच्या लोखंडाला, तडा जातो. थंड होऊ द्यायचं. घाई केली की गेलं."

त्याचा तो धीर मला आवडला. खोटं कशाला बोलू?

तो जयवंत, लाँचचा इंजिनवाला. लालबागचा, वडील दत्ताराम गिरणीत. आकडा त्याने परत दिलाच नाही. मीही मागितला नाही. रोज इंजिनाच्या झाकणाशेजारची जागा माझी ठरली. घरघराटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून फार जवळ वाकून बोलावं लागायचं… ते बरंच होतं. 'अहो'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही.

"तुझ्या हाताला डिझेलचा वास येतो, जयवंता."

"तुझ्या हाताला डेटॉलचा. दोघांचं लग्न लावलं तर घरात माशी फिरकायची नाही."

लग्न हा शब्द पहिल्यांदा त्याने काढला. मी नाही.

गंमत बघा… संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्याचे वडील आणि माझे बाबा, भिवा, एकाच कोठडीत होते. एक बिडी दोघांत ओढायचे. घोडपदेवला आमच्याकडे बाबा अजून त्या दत्तारामची आठवण काढायचे. मला वाटलं, सोपं आहे सगळं. जयवंताने घरी विषय काढला तेव्हा दत्तारामकाका म्हणाले, "तुरुंगात बिडी वाटली म्हणून काय पंगत वाटायची?"

"आबा तापलेत," जयवंत मला म्हणाला. "जरा थंड होऊ दे, बकुळा. घाई केली की गेलं."

दिवाळी गेली, होळी गेली. मला परळच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. बाबा सरळ माणूस. म्हणाले, "एक मेला महाराष्ट्र होतोय. त्या संध्याकाळपर्यंत मी मास्तरांना अडवून धरतो. दत्ताराम येत नसेल तर न येवो. पोरगा एकटा येऊ दे. मी त्याच्याकडे बघून पोरगी देईन."

मी जयवंताला शब्दन् शब्द सांगितला. "येतो," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

एक मेला आमच्या चाळीत पताका, ढोल, गुलाल. मी पोहे केले. बाबांनी ठेवणीतला सदरा घातला. जिन्यावरच्या दर पावलाला मी दाराकडे बघत होते. दिवेलागण झाली, मिरवणूक शिवाजी पार्काकडे निघून गेली. बाबा म्हणाले, "बकुळे, पोहे खाऊन घे." त्यांनी सदरा काढून त्याची घडी घातली. ती घडी बघताना मला फार राग आला, बाबांचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी झाकणाशेजारी बसले नाही. तोच वर आला.

"आबांना काल छातीत धडधडायला लागलं… म्हटलं आज नको. चार दिवसांनी…"

"सकाळी मास्तरांना होकार गेला."

 आणि नेमका तोच जळका वास आला. लाँच थांबली, लोक ओरडले. जयवंत वेड्यासारखा खाली धावला. मी वाकून बघितलं, तर त्याने समुद्राच्या पाण्याने बादली भरून घेतली होती.

"अरे जयवंता, थांब!" सुकाणूवरचा लवू तांडेल वरून ओरडला. "पाणी नको ओतू!"

"खूप थांबलो!" तो ओरडला, आणि ओतलं.

टण्णकन आवाज झाला. वाफेत तो दिसेनासा झाला. हेडला उभा तडा गेला होता आणि त्याचा उजवा हात भाजला होता.

दुसरी लाँच आम्हाला घ्यायला येईपर्यंत मी त्याचा हात बांधला. कुणाचाही बांधला असता तसा. दवाखान्याच्या पिशवीत पट्टी होती, पिन नव्हती.

"माझा आकडा आहे ना?"

त्याने डाव्या हाताने खिशातून काढून दिला. वीस महिने वापरून तो वाकडा झाला होता. मी त्या आकड्यानेच पट्टीचं टोक बसवलं.

"बकुळा, मी आज येतो. आत्ता येतो… एकटा."

दुसरी लाँच शेजारी लागली. मी पिशवी उचलली.

"फोड आला तर फोडू नका," मी म्हटलं. "आपोआप बसेल. चार दिवस वाट बघा… ते तुम्हाला जमतं."