डाव्या स्पीकरची वायर

ठेवायचा तर ठेवा विश्वास. हे माझ्या घरात घडलंय, बंगळुरूला, राजाजीनगरात. मार्चमधला रविवार. आणि भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनो, वेळ भरदुपारची होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नुकतेच गेले होते. सरकारी कारखान्यात इंजिनीअर आणि स्टिरिओचं भारी वेड. दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, हा त्यांचा हट्ट. डावा स्पीकर ॲम्प्लिफायरला खेटून, तरी त्याची वायर उजव्याइतकीच लांब. उरलेलं भेंडोळं मागे. झाडताना मी रोज वैतागायची.

ते गेले आणि आईने जेवण टाकलं. दिवसभर डाव्या स्पीकरपाशी बसायची.

"लांबून बोलतात गं. ये म्हणतात."

स्टिरिओ बंद होता. प्लगसुद्धा काढलेला.

मी हात जोडले, रडले, ओरडले. डोळ्यांदेखत आई चालली होती.

त्या दुपारी मीही कान लावला...

खोकला. अण्णांचाच.

मग खूप लांबून आईला हाक... "वासंती..."

मी झटक्यात मागे सरले.

शेजारच्या गुरुदत्तांना बोलावलं. ते लग्नाच्या हॉलमध्ये साउंड लावतात.

"अक्का, लंबी वायर कभी कभी रेडिओ पकडती है. स्वल्प कट माडि, सरी होगुत्ते."

थोडी कापली की ठीक होईल; घरातल्या घरात लांबीने आवाजात काही फरक पडत नाही, असंही म्हणाले. प्लग काढल्यावर रेडिओ कसा लागेल, हे विचारायचा मला धीर झाला नाही. भेंडोळं कापलं आणि हातभर वायर पुन्हा जोडली.

शांतता...

जिवात जीव आला. वरणभात कालवून आणला. आईने घास घेतला. हसली.

"बरं केलंस. आता अगदी जवळून बोलतात."

ताट हातातून पडलं. उरलेली वायरही मी उपटली, स्पीकर बाल्कनीत टाकला.

"अण्णा, तिला सोडा हो! मला एकटीला टाकून तिला नेऊ नका!"



मागे वळले. आई पलंगावर आडवी झाली होती. भिंतीकडे सरकून तिने शेजारी जागा केली. दुसरी उशी थापटली.

उशीला हळूहळू खळगा पडला...

आई अजून आहे. पण तो घास शेवटचाच. आता चमच्याने पाणी तेवढं घेते. मी रोज विनवते, आई, मला तुझ्याजवळ झोपू दे.

ती शेजारी पांघरूण सारखं करते.

"जागा नाही गं, आसावरी."