कुसाबाईंची खिडकी

त्या संध्याकाळी मी दुकानासमोर पाणी शिंपडत होतो. नाशिकच्या भांडीबाजारात माझं पितळी भांड्यांचं दुकान, समोर रंगनाथशेठचं नवं लॉज. १९८३ साली जुनं घर पाडून त्यांनी सिमेंटची इमारत उठवली आणि गल्लीला शोभावी म्हणून जुन्याच कोरीव खिडक्या दर्शनी भिंतीवर बसवल्या. लोक येऊन फोटो काढत. काय ते कौतुक! त्या खिडक्यांमागे नुसत्या विटा होत्या.

पहिल्या मजल्यावरची खिडकी कुसाबाईंची. जन्मभराच्या भाडेकरू. "तुमची खिडकी, तुमची खोली, सगळं परत देतो," असा शब्द देऊन शेठनं त्यांना बाहेर काढलं. खिडकी तेवढी ठेवली. बाई कुणाच्या तरी ओसरीवर, खोलीची वाट बघतच वारल्या. आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

त्या गेल्यापासून ती खिडकी दिवेलागणीला उघडी दिसायची. खिळे ठोकले तरीही. रॉकेलचा, भाजत्या भाकरीचा वास यायचा. लॉजमधले उतारू बिचकू लागले, तेव्हा शेठ स्वतःच हातोडी घेऊन शिडीवर चढले. शिडी मी धरली.

"शेठ, दिवे लागताना दार-खिडकी लावू नये. लक्ष्मी परत जाते. जरा थांबा."

"रावजी, भिंतीत कसली आलीय लक्ष्मी?"

त्यांनी झडप ओढली आणि हात तसाच राहिला.

"रावजी... इथं खोली आहे."

"भिंत आहे शेठ. खाली या."

"स्टोव्ह पेटलाय... कुणी पाट मांडलाय..."

ते वाकले. कुणी ओढलं नाही. ठेंगण्या दारातून घरात शिरावं तसे ते मान खाली घालून आत गेले. झडपा हलकेच लागल्या.

लगेच गडी बोलावून भिंत फोडली. विटा निघाल्या आणि पलीकडे लॉजचा जिना. मध्ये माणूस मावेल अशी फटसुद्धा नव्हती. आठवड्यात शेठच्या मुलानं भिंत पुन्हा बांधून खिडकी बसवली. म्हणाला, गल्लीची शोभा जायला नको.

त्याच संध्याकाळी विटांमागून शेठचा आवाज आला, "मला घरी जाऊ द्या हो..."

आणि कुसाबाईंचा, अगदी मायेनं, "राहा की, शेठ. खोली तुमचीच हाय ना?"