सिमोनचा ट्रॅक्टर पहाटे रुसतो

"माझा ट्रॅक्टर कुणीतरी बिघडवतंय," आगापिता दारातूनच म्हणाली. "तुम्ही शोधून काढता ना?"

"बहुतेक वेळा हरवलेले नवरे काढते," फेर्मिना म्हणाली. "बसा."

"नवरा नकोय. तो येणारच आहे."

फेर्मिना सक्ला ही फिलिपिन्समधल्या बेंगेटच्या डोंगरातली एकमेव खासगी तपासनीस. मदतनीस दोल्फो हा तिचा नवराच असल्याने त्याला कामावरून काढायची सोय नव्हती.

आगापिताचा सिमोन तीन पावसाळ्यांपूर्वी मालवाहू जहाजावर गेला. जहाज बुडालं, असं कंपनी म्हणाली. आगापिताने ते मानलं नाही. जाताना त्याने आपला छोटा डिझेल ट्रॅक्टर तिच्या हाती दिला होता. आताशा ट्रॅक्टर पहाटे नुसता खोकायचा, पांढरा धूर सोडायचा आणि सगळ्यांना दमवून उशिरा सुरू व्हायचा. तोवर बाजाराचा ट्रक निघून गेलेला असे. कोबी शेतातच.

"दीर म्हणतो, विकून टाक आणि सिमोनचे विधीही उरकून घे. या आठवड्यात ट्रॅक्टर सुधारला नाही तर दोन्ही करीन, असं कबूल करून बसलेय."

दुपारी दोल्फो ट्रॅक्टरखालून बाहेर आला. "बॅटरी दणदणीत. हीटरचे प्लगही लाल होतायत. थंडीच ही, फेर्मी. इंजिन गारठतं. संपला तपास."

फेर्मिना ट्रॅक्टरकडे बघत होती. सगळा चिखलाने माखलेला; टाकीचं झाकण तेवढं चकचकीत.

दीर कोस्मे वरच्या कड्यावर राहायचा.

"ट्रॅक्टर विकला तर घेणार कोण?" फेर्मिनाने विचारलं.

"मीच. त्यात लपवायचं काय? मागे दरड पडली तेव्हा आठवडाभर माझ्याच शेडात होता. रोज पहाटे एका झटक्यात सुरू."

"वर थंडी कमी?"

"कमी? इथे बादलीतलं पाणी गोठतं. खाली नुसते कोबी कुडकुडतात."

दोल्फोने बायकोला कोपराने ढोसलं. त्याच्या मते गुन्हेगार सापडला होता.

ट्रकवाला बेनितो गावाला डिझेलही आणून द्यायचा. दोल्फोने त्याला सरळच विचारलं, "डिझेलमध्ये पाणी घालतोस?"

"माझा ट्रक त्याच पिंपातलं पितो, मनोंग दादा. तो तुमच्या शंकांवर चालत असता तर एव्हाना मनिलाला पोचलो असतो."

संध्याकाळी आगापिताने सगळ्यांना जेवायला ठेवून घेतलं. कोस्मेने रीतीप्रमाणे जिनचा पहिला घोट दारापुढच्या मातीवर ओतला, बापाचं आणि आजोबांचं नाव घेतलं, मग स्वतः प्यायला. आगापिताने सिमोनच्या जागीही एक भरलेला पेला ठेवला. कुणी त्याला हात लावला नाही. मध्येच ती भांडी आवरता आवरता ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकायला गेली. कॉफी आली तेव्हा तो पेला धुऊन पालथा घातलेला होता.

पहाटे सगळ्यांसमोर ट्रॅक्टर खोकला. धूर सोडला. बसला.

फेर्मिनाने फिल्टरखालची काचेची वाटी काढून उजेडात धरली. वर पिवळसर थर, खाली पाण्यासारखा.

"पाणी," दोल्फो म्हणाला.

"कोस्मे, हुंगा."

कोस्मेने हुंगलं. या विषयात तो जाणकार होता. "जिन आहे ही."

"दोष थंडीचा असता तर वरच्या शेडात आधी दिसला असता," फेर्मिना म्हणाली. "डिझेलचा असता तर ट्रकही खोकला असता. म्हणजे जे घडतं ते याच अंगणात, टाकीत. जिन डिझेलपेक्षा जड. रात्रभर तळाशी बसते, आणि पहाटे इंजिनाला पहिला घोट तिचाच मिळतो. गार इंजिनाला ती पेटवता येत नाही. झाकण रोज कुणीतरी उघडतं, म्हणून चकचकीत. आणि काल एक पेला कुणीही न पिता रिकामा झाला."

आगापिता ताडपत्रीची घडी घालत राहिली.

"मातीवर ओततात ते गेलेल्यांसाठी," ती म्हणाली. "मग त्याचा वाटा मी कुठे द्यायचा? या सीटवर बसायचा तो. आणि पहाटे ट्रॅक्टर खोकायचा, तो अगदी त्याच्यासारखा. मी ऐकत राहायची."

"वहिनी," कोस्मे म्हणाला. त्याने ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

दोल्फोने टाकी रिकामी करून नवं डिझेल भरलं. दुसऱ्या पहाटे ते बघायला आले तेव्हा ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात सुरू झाला होता. दोल्फो टाळ्या वाजवू लागला. फेर्मिनाने त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

अंगणभर पांढरं दंव पडलं होतं. दारापुढे वीतभर ओल्या मातीवर तेवढं धरलं नव्हतं; तिथून जिनचा वास येत होता. आगापिता ती जागा ओलांडून ट्रॅक्टरवर चढली.