सावरकाळ

स्थैर्य कक्षाच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी पेढे आले होते. चार वर्षं चढत गेलेली पडद्यावरची लाल रेघ गेल्या सहा आठवड्यांत घसरत खाली आली होती. अकरा दिवस, आठ, पाच आणि आज दोन. डॉ. निलांबरी सावे हिने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. तो कागदावर ठेवून ती पुन्हा कच्ची आकडेवारी तपासायला बसली.

"डॉक्टर, आज तरी हसा," मागून हिरोजी तांडेल म्हणाले.

तांडेल एकजूट पक्षाचे सरचिटणीस होते. तेहतीस वर्षांपूर्वी समुद्र खारनगरात घुसला आणि जुनं सरकार पळालं, तेव्हा हा तरुण अभियंता कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बांध घालत होता. बांध पुरा झाला आणि पक्षाची सत्ता आली. त्यानंतर दुसरा पक्ष निघाला नाही. निघू दिला नाही. दर पाच वर्षांनी एकच यादी मतदानाला येई आणि शंभरात शहाण्णव मतांनी मंजूर होई. तांडेलांचा त्या शहाण्णववर विश्वास नव्हता. लोक आपल्याला मानतात की नुसते गप्प आहेत, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठीच त्यांनी निलांबरीला बोलावून घेतलं होतं.

ती मूळची तळ्यांची अभ्यासक. कांदळी तलाव एका आठवड्यात नितळचा हिरवागार झालेला तिने पाहिला होता, आणि त्यावरचा तिचा निबंध तांडेलांनी वाचला होता.

"सोपं करून सांगा," पहिल्या भेटीत ते म्हणाले होते.

"तळ्यात बादलीभर सांडपाणी पडलं की पाणी गढूळ होतं आणि परत निवळतं. निरोगी तळं दोन दिवसांत निवळतं. तळं आतून थकत चाललं की त्याच बादलीला चार दिवस लागतात, मग सात. वरून बघणाऱ्याला पाणी नितळच दिसत असतं. हा सावरकाळ वाढत गेला की समजायचं, तळं उलटून हिरवं व्हायची घडी, उलटबिंदू, जवळ आला."

"आणि माणसांचं?"

"तिथे बादली कुठली टाकायची, ते तुम्ही सांगा."

त्या बादलीला दोघांनी मिळून नाव दिलं टोचणी. शहराच्या दोनशे बारा विभागांपैकी दर आठवड्याला वीस निवडायचे. कुठे पाणी दोन तास उशिरा सोडायचं, कुठे ट्रामची एक फेरी गाळायची, कुठे शिधाकेंद्र न सांगता बंद ठेवायचं. मग तक्रारींचे फोन, दुकानांतल्या रांगा, घराघरांतली साठवण हे सगळं पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात ते मोजायचं. चौदा दिवस ही अंदाजाने ठरवलेली धोक्याची रेषा. अकरापर्यंत काटा पोचला तेव्हा तांडेलांची झोप उडाली होती.

"या सहा आठवड्यांत आपण केलं काय?" निलांबरीने विचारलं.

"विशेष काही नाही."

"मग सावरकाळ उतरला कसा?"

"लोक समजूतदार झाले असतील. सोमवारी कार्यकारिणीपुढे हेच ठेवायचंय." ते आनंदात होते; तिला आणखी काही विचारवलं नाही.

पण तिच्याने बसवेना. सतराव्या विभागात त्या दिवशी पाण्याची टोचणी होती. दुपारी ती ट्रामने तिकडे गेली.

पाणी सुटायची वेळ टळून तास झाला होता, तरी नळांवर कुणी नव्हतं. एका इमारतीच्या जिन्यात मोठा फळा होता. त्यावर पाळ्या लिहिल्या होत्या: टाकीची राखण, आजाऱ्यांची ने-आण, बांधावरची गस्त. बाजूला शिवणयंत्रावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मंदाकिनी वैती, असं त्यांनी नाव सांगितलं.

"पाणी आलं नाही वाटतं?"

"येईल. नाही आलं तरी टाकीत तीन दिवसांचं आहे."

"विभाग कार्यालयात कळवलंत?"

वैतीबाईंनी दोरा तोडला. "पूर्वी कळवायचो. दर दोन-अडीच महिन्यांनी काहीतरी बिघडायचंच. तिथल्या रांगेत दर वेळी तीच तोंडं भेटायची. मग आमच्या लक्षात आलं, रांगेतली माणसंच पुरेशी आहेत."

ती रांग निलांबरीने लावली होती.

"भांडणतंटा झाला तर?"

"रहिवाशांचं मंडळ बसतं. प्रत्येक विभागात आहे आता."

"आणि पक्ष?"

"पक्षाची माणसं वाईट नाहीत हो. येतात, विचारपूस करतात. आम्ही चहा देतो."

फळ्यावर एक घर खोडलेलं होतं. एकतीस नंबर.

"ते पागधरे," वैतीबाई म्हणाल्या. "पाळी करणार नाहीत, मंडळाच्या कागदावर सही करणार नाहीत. मग टाकीचं पाणीही नाही."

"त्यांनी दाद कुठे मागायची?"

"सही करायची," त्या शांतपणे म्हणाल्या आणि पुन्हा यंत्र चालवू लागल्या.

निलांबरी परतली ती थेट तांडेलांच्या खोलीत.

"तळं उलटल्यावर काय होतं, ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं," ती उभ्यानेच म्हणाली. "हिरवं झालेलं तळंही स्थिर असतं. त्यात औषध टाका, थोडं निवळेल आणि दोन दिवसांत परत हिरवं. उलटबिंदूच्या अलीकडे सावरकाळ वाढत जातो. तो ओलांडला की झटकन उतरतो."

तांडेलांनी चष्मा काढला. "म्हणजे हे स्थैर्य खोटं?"

"खरं आहे. फक्त ते आपलं राहिलेलं नाही."

"एक दगड पडला नाही, एक घोषणा झाली नाही."

"गरजच पडली नाही. त्यांनी आपल्याला पाडलं नाही, बाजूला ठेवलं."

"टोचण्या थांबवल्या तर पूर्वीसारखं होईल?"

"शेवटची बादली काढून घेतली म्हणून तळं नितळ होत नाही. आणि त्या बादल्या मीच टाकल्यात, साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हे अहवालात लिहिलंत तर त्या जिन्यांवर पोलीस जातील."

"माहीत आहे. तरी खोटं लिहिणार नाही."

"खोटं लिहू नका. पण नुसत्या तर्कावर मी हे वाचणार नाही. एकच टोचणी करून बघू. आपली स्वतःची."

दुसऱ्या दिवसापासून रंगकामाचं निमित्त सांगून पक्षाची दोनशे बाराही विभाग कार्यालयं तीन दिवस बंद ठेवली. फक्त मुख्यालयातला तक्रारीचा फोन चालू होता, आणि तो दूरध्वनी तांडेलांनी स्वतःच्या टेबलावर आणून ठेवला. चाळीस लाखांचं शहर. पहिल्या दिवशी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी तांडेलांनी दोनदा तो बिघडला तर नाही ना, हे तपासलं. निलांबरी समोर बसून होती. पडद्यावरची रेघ जागची हलली नाही. ट्रामा वेळेवर, दुकानं शांत. मोजायला काही सापडतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला.

"तिथे कुणी आहे का?" एका पुरुषाचा आवाज आला.

"आहे. बोला," तांडेल म्हणाले.

तो देवराम पागधरे होता. विभाग सतरा, घर एकतीस. आई अंथरुणाला खिळलेली, स्वतः मिठाच्या कारखान्यात पाळीवर. सतरा दिवस तो ट्राम आगारातून कॅन भरून पाणी आणत होता.

"सही का करत नाही?" तांडेलांनी विचारलं.

"सगळे करतात म्हणून मी करणार नाही. तुमच्या पक्षाच्या फॉर्मवरही केली नव्हती. तेव्हा तुम्ही माझी बढती अडवली होतीत."

तांडेलांनी कागद पुढे ओढला. "मग आता आमच्याकडे का आलात?"

"दुसरं कुणी आहे का?"

तांडेलांनी त्याचं नाव, घर, आईचं वय सगळं लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर ते निलांबरीला म्हणाले, "अहवालात सगळं लिहा."

सोमवारी कार्यकारिणीपुढे त्यांनी आकडा वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. मग त्यांनी आकड्याचा अर्थ वाचला. अध्यक्ष म्हणाले, "मंडळं मोडून काढा. आजच." सगळ्यांनी पोलीसप्रमुखांकडे पाहिलं.

"हुकूम देतो," ते म्हणाले. "पण माझे शिपाई त्याच इमारतींत राहतात. बांधावरच्या गस्तीत त्यांच्याही पाळ्या लागतात." थोडं थांबून ते म्हणाले, "माझ्या घरच्यांच्याही."

शेवटी अभ्यासगट नेमायचं ठरलं आणि सभा वेळेआधी संपली.

तांडेलांनी कक्षात येऊन पाणीखात्याला फोन लावला. एकतीस नंबरला आजच पाणी द्या, असं सांगितलं. पलीकडचा अभियंता अदबीने म्हणाला, "साहेब, इमारतीपर्यंत आमचं. आतली वाटणी मंडळाची. त्यांना विचारावं लागेल."

"मग विचारतो," तांडेल म्हणाले.

संध्याकाळी ते आणि निलांबरी सतराव्या विभागातला तो जिना चढले. वैतीबाई यंत्र झाकून ठेवत होत्या. तांडेलांना त्यांनी ओळखलं.

"या. चहा टाकते."

"चहा नको. तक्रार आहे."

"कुणाविरुद्ध?"

"मंडळाविरुद्ध. एकतीस नंबरबद्दल. सही केली नाही म्हणून कुणाचं पाणी तोडता येत नाही."

वैतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हे तुम्ही सांगताय?"

"हो," तांडेल म्हणाले. त्यांना धाप लागली होती. निलांबरीने पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. "मीच सांगतोय."

"राहता कुठल्या विभागात?"

"चौथ्या."

"मंडळ बुधवारी बसतं," वैतीबाई म्हणाल्या. "बाहेरच्यांना बोलता येतं. मत देता येत नाही."

"किती वाजता?" तांडेलांनी विचारलं, आणि लिहून घ्यायला खिशातून पेन काढलं.