पायाशी बसलेली

सकाळपासून घरात एकच शोधाशोध चालली होती. चेन नाही, हूक नाही, धातूचं बटण नाही, असा एक तरी कपडा. आपल्या पाच वर्षांच्या पोरीच्या कपड्यांना एवढं लोखंड असतं, हे ताईला आजवर ठाऊक नव्हतं. शेवटी कपाटाच्या तळाशी कोपरात विरलेला जुना झगा सापडला. मुंगीने तो मुकाट्याने घातला. हल्ली ती सगळंच मुकाट्याने करायची.

एके काळी ही पोर घर डोक्यावर घ्यायची. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यावरूनच तिचं नाव मुंगी पडलं. मग एके दिवशी तिचा बाबा "आलोच" म्हणून चपला सरकवून बाहेर पडला तो आलाच नाही. त्याने दुसरीकडे संसार मांडलाय, हे पुढे कुणाकुणाकडून कळलं. तेव्हापासून मुंगी आईला नजरेआड होऊ देत नसे. ताई अंघोळीला गेली तरी ही दाराला पाठ लावून बाहेर बसलेली.

"ताई, तिला माझ्याकडे आण," असं धाकटी बहीणच म्हणाली होती. धाकटी लहान मुलांच्या मनाची डॉक्टर. कोवळ्या वयात भीती बसली की मेंदूची घडण कशी बदलते, हे ती एमआरआयच्या चित्रांवरून शोधत होती. "सुई नाही, औषध नाही. आत पडून कार्टून बघायचं. आणि तू सगळा वेळ तिचा पाय धरून बस. पोरांना तेवढा आधार पुरतो."

सख्ख्या बहिणीचा शब्द. जिच्या वेण्या आपण घातल्या, जिच्या फियांसाठी आपण शिकवण्या केल्या, तिच्याबद्दल शंका घ्यायची तरी कशी?

मशीन हॉस्पिटलच्या तळघरात होतं. लांबलचक बोळ, फिनेलचा वास, आणि आत हाडात शिरणारा गारवा. ताईने कानातलं, अंगठी, सगळं काढून ठेवलं. मुंगीच्या कानांवर जाडजूड हेडफोन चढवायला टेक्निशियन पुढे आला, तेव्हा ती म्हणाली, "आई, सोडणार नाहीस ना?"

"नाही सोडणार."

"आलोच म्हणून जाणार नाहीस ना?"

"नाही गं, राणी."

मुंगीला निजवलेली फळी आत सरकली. डोकं, खांदे, पोट त्या पांढऱ्या बोगद्यात गेलं आणि बाहेर उरले दोन पाय. ताईने डावा पाय घोट्याशी धरला. तिचे हात बारमाही गार. मुंगीने नेहमीसारखी बोटं आक्रसली, मग सैल सोडली. दार बंद झालं आणि ठोकाठोक सुरू झाली. शेजारच्याने भिंत फोडायला काढावी तसा आवाज, मग लांबलचक घरघर, मग पुन्हा ठोके.

मध्येच आवाज थांबला. दार किलकिलं झालं आणि धाकटीने हाताने बोलावलं. ताईने नकारार्थी मान हलवली. धाकटीने पुन्हा बोलावलं, आणि तिचा चेहरा गंभीर होता. पडद्यावर काहीतरी वाईट दिसलं असणार... काय ते तिला मुंगीसमोर बोलायचं नसणार. ताईने एकेक बोट करत पाय सोडला आणि चवड्यांवर बाहेर आली.

"काय दिसलं?"

"काही नाही गं. बस जरा. पाणी घे."

दार लागलं आणि पलीकडे ठोके पुन्हा सुरू झाले.

"अगं, ती एकटी आहे आत..."

"होऊ दे तेवढं," धाकटी म्हणाली. तिने ताईचं कोपर धरलं होतं, आणि सोडत नव्हती.

आत जायला मिळालं तेव्हा ताई जवळजवळ धावलीच. तिने घोटा धरला, आणि पाय असा दचकला की हातातून निसटता निसटता राहिला.

फळी बाहेर आली. मुंगी हसत होती. कित्येक महिन्यांनी हसत होती.

"तू सोडलाच नाहीस ना, आई?"

"नाही," ताई म्हणाली.

"तुझे हात मध्येच किती छान गरम झाले होते. शेवटी मात्र परत गार केलेस."

पोर काहीबाही बोलते, असं समजून ताईने तिच्या पायात मोजे चढवले.

त्यानंतर मुंगी खरंच सुधारली. दाराबाहेर बसणं बंद झालं. एकटी झोपू लागली, फक्त डावा पाय तेवढा पांघरुणाबाहेर काढून. शेजारच्या काकूंकडेसुद्धा बिनतक्रार राहायला लागली. धाकटीचं भलं होवो, असं ताई मनापासून म्हणायची. म्हणून धाकटीने बोलावल्यावर ती मिठाईचा पुडा घेऊनच गेली.

धाकटीने पुडा उघडला नाही. तिने पडद्यावर एक रेघ दाखवली. "मेंदूत आत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. भीती वाटली की तो खवळतो, आणि ही रेघ वर जाते. तू बाहेर आलीस तेव्हा ती वर जायला हवी होती. सगळ्या मुलांची जाते."

"सगळ्या मुलांची... म्हणजे सगळ्याच आयांना तू अशी बाहेर बोलावतेस?"

धाकटीने नजर चुकवली. "आधी सांगितलं असतं तर कुठली आई उठली असती? आधार सुटल्यावर मूल कसं सावरतं, तेच बघायचं होतं."

"मला तिला वचन द्यायला लावलंस, ते मोडण्यासाठी?"

"ताई, ऐक आधी. हिची रेघ खाली आली. इतकं शांत मूल मी कधी बघितलं नाही. वर गेली ती... इथं."

"इथं काय झालं?"

"इथं तू आत आलीस."

ताईला तो दचकलेला पाय आठवला.

"टेक्निशियनला विचारलं मी," धाकटी हळूच म्हणाली. "काचेतून आत कोणीच दिसत नव्हतं म्हणाला."

"मग विचारलंस तरी का?"

त्यावर धाकटीने पडदा बंद केला. ताईही तिचा निरोप न घेता उठली. नवरा गेला तेव्हा तिला राग आला होता. आज रागही येईना. पाठच्या बहिणीने गळा कापला, आणि सुरी म्हणून आपलाच हात वापरला, एवढंच तिला समजत होतं.

दिवेलागणीला ती घरी पोचली. काकू दारातच भेटल्या. "काही त्रास नाही हो पोरीचा. पडल्या पडल्या गप्पा मारतेय आपली."

मुंगी कॉटवर होती. पांघरूण हनुवटीपर्यंत, डावा पाय बाहेर. ताईने दिवा लावला नाही. खरं बोलायला अंधारच बरा वाटला.

"मुंगे, मशीनमध्ये मी तुझा पाय सोडला होता. खोटं बोलले मी तुझ्याशी."

"माहितीय."

"कधीपासून?"

"आता कळलं. तिनेच सांगितलं. तू गेलीस आणि ती बसली."

"कोण... ती?"

मुंगीने खांदे उडवले. "गरम हातांची. ती आलोच म्हणत नाही. जातच नाही ना."

ताईचा हात आपोआप त्या पायाकडे गेला.

"तो नको, आई. तू दुसरा घे." धाकट्या भावंडाची समजूत काढावी, तसं म्हणाली.

ताईने पांघरुणात हात घालून दुसरा पाय चाचपला. तो बर्फासारखा गार होता. उघड्यावरच्या पायाला तिचं मनगट लागलं मात्र, आणि चटका बसावा तसं तिने ते मागे घेतलं. मग तिला काही सुचेना. तिने पोरीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि उचललं.

मुंगी अलगद वर आली. डावा पाय तेवढा आला नाही. कॉटच्या काठाशी होता तिथेच तो ताणून राहिला, आणि ताईने ओढलं तेव्हा पलीकडूनही जरासं ओढलं गेलं.

मुंगी कळवळली. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "आई, दुखतंय. ती नाही सोडणार... तूच सोड ना. तुला सोडता येतं."