चादरींमागचा आवाज

खोटं वाटेल, पण माझा मामा भुताखेतांना हसणारा माणूस आहे. आणि हे त्याच्या स्वतःच्या बाबतीत घडलंय.

परदेशात, हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत तो कामाला होता. एका खोलीत तिघं राहायचे. मामा, लंबू आणि पैलवान. पैलवान म्हणजे नुसता हाडांचा सापळा! तो आणि लंबू एकाच गावचे, एका ताटात जेवणारे.

लंबूची आई वारली.

फोन आला पैलवानाला. लंबूला रजा मिळणार नव्हती, त्याचा पासपोर्ट मालकाकडे होता. जाता येणार नाही, तर सांगायचं कसं? आज सांगू, उद्या सांगू… असं करत दिवस गेले.

एका दुपारी, ऐन कामात, लंबूला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

"माझी आई गेली, आणि तू माझ्यासमोर बसून जेवत होतास?"

"लंबू, ऐक ना…"

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. ट्रॉलीचा लोखंडी दांडा डोक्यात बसला होता.

पोलीस येईपर्यंत लंबू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "ऊठ रे… ऊठ ना रे…"

खटला उभा राहिला. मामा साक्षीदार.

आणि इकडे लाँड्रीत… जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, की टांगलेल्या चादरींमागून हलकेच आवाज यायचा…

"लंबू, ऐक ना…"

मामा चादर बाजूला सारायचा.

मागे कुणीच नाही.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी लंबूला विचारलं, "काही सांगायचंय?"

लंबूने रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, याला सांगा ना, मला कळलंय म्हणून. रोज कोठडीत येतो. 'ऐक ना' म्हणतो… आणि पुढे बोलतच नाही."

दुभाषा अडखळला. वकिलांना वाटलं, सोंग करतोय.

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

जन्मठेप झाली.

दुसऱ्या दिवशी मामा चादरींसमोर उभा राहिला. "पैलवान, त्याला कळलंय रे. जा बाबा आता."



मग चादरींमागे कुणीतरी हुंदका दिला.

पैलवानाचा नव्हता तो. म्हाताऱ्या बाईचा होता.

त्या लाँड्रीत एकही बाई कामाला नव्हती.

मामा आता कायमचा परत आलाय. तुरुंगातून लंबूचा अधूनमधून फोन येतो. त्या हुंदक्याचं मामाने त्याला अजून सांगितलेलं नाही.

"सांगू का रे त्याला?" मामा मला विचारतो.